संग्रह ऑनलाइन ठेवला, तरी लोक का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेलं एक सार्वजनिक वाचनालय आहे. देणगीच्या पैशातून त्यांनी जुनी मासिकं, गावाचे काही फोटो आणि मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले. वर्ष उलटलं तरी तिकडे कुणी फिरकत नाही. फेसबुकवर एखादा फोटो टाकला की 'छान', 'जुन्या आठवणी' एवढ्यावर लोक पुढे जातात. ग्रंथपालांनी विचारलं आहे: जगातली मोठी संग्रहालयं आणि ग्रंथालयं लोकांना ऑनलाइन संग्रहाशी कशी जोडून घेतात? त्यातलं आमच्यासारख्यांना काय जमेल? आणि फोटोंवर वॉटरमार्क, म्हणजे संस्थेच्या नावाची आडवी पट्टी, टाकावा असा कार्यकारिणीचा आग्रह आहे, त्याचं काय करावं?

ग्रंथालयांच्या आणि दप्तरखान्यांच्या डिजिटायझेशनचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातून माझं पक्कं झालेलं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. ऑनलाइन संग्रहाकडे दोन प्रकारची माणसं येतात. काहींना काहीतरी शोधायचं असतं, काहींना काहीतरी सांगायचं असतं. शोधणाऱ्याला सापडलं पाहिजे, आणि सांगणाऱ्याने सांगितलेलं संस्थेच्या नोंदीत उतरलं पाहिजे. ही दोन्ही कामं एकाच जागी होतात: प्रत्येक वस्तूच्या नोंदीत. तुमचा खर्च स्कॅनिंगवर झाला आणि नोंदी दाखलनोंद वहीतून, म्हणजे संस्थेत आलेल्या वस्तूंच्या वहीतून, जशाच्या तशा उतरवल्या गेल्या, असं तुमच्या संकेतस्थळावरून दिसतं. 'ग्रुप फोटो, जुना' एवढ्या नोंदीच्या आधाराने त्या फोटोपर्यंत कुणीही पोचू शकत नाही.

नोंद आणि लोक यांचा संबंध समजायला माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं आहे. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर सुमारे ३,१०० छायाचित्रं ठेवली. त्यातली साधारण निम्मी बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेची होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. काचेच्या निगेटिव्हवर तेव्हाच्या कुणीतरी खरडलेलं एखादं आडनाव किंवा दोन-तीन शब्द, एवढीच त्यांची ओळख. उरलेली १९३० आणि १९४० च्या दशकांतली रंगीत छायाचित्रं. हे सगळे फोटो ग्रंथालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आधीपासून होतेच. बदललं एवढंच, की लोक जिथे रोज येत-जात होते तिथे ते नेऊन ठेवले आणि खाली लिहायची मुभा दिली. सोबत हक्कांबद्दल एक सरळ वाक्य जोडलं: या छायाचित्रांवर कोणतेही ज्ञात हक्कनिर्बंध नाहीत.

पहिल्या नऊ-दहा महिन्यांचा हिशेब ग्रंथालयाने प्रसिद्ध केला. लोकांनी ६७,१७६ खूणशब्द (टॅग) जोडले होते आणि ७,१६६ प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. गैर मजकूर म्हणून काढून टाकावं लागलं ते २५ पेक्षाही कमी. हे आकडे मोठे आहेतच, पण मला त्याच अहवालातला एक छोटा आकडा जास्त मोलाचा वाटतो: लोकांनी दिलेल्या माहितीवरून ५०० हून अधिक मूळ नोंदी सुधारल्या गेल्या. कुणी त्या काळच्या वर्तमानपत्रांत शोधून माणसाचं पूर्ण नाव काढलं, कुणी मागच्या इमारतीवरून रस्ता ओळखला, कुणी तारीख पक्की केली. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी ते तपासलं आणि आपल्या अधिकृत तालिकेत (कॅटलॉगमध्ये) घातलं, माहिती कुठून आली त्याच्या उल्लेखासह. आपण सांगितलेलं कुणीतरी तपासतंय आणि खरं निघालं तर कायमचं लिहून ठेवतंय, हे लोकांना दिसलं. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा आले.

तुमच्या फेसबुक पानावरचं 'छान' आणि हे, यांतलं अंतर इथेच आहे. तुम्ही फोटो टाकता आणि वर लिहिता 'आठवणीतलं गाव'. त्यावर 'छान' यापलीकडे कुणी काय बोलणार? त्याऐवजी विचारा: "डावीकडून तिसरे, काळी टोपी घातलेले गृहस्थ कोण? मागची कमान कोणत्या वाड्याची?" असा प्रश्न पडला की गावातली सत्तरीतली माणसं नातवाकडून फोन मागून घेतात, एकमेकांना फोन करतात, वाद घालतात. त्या वादातून आलेलं नाव दोन वेगवेगळ्या घरांतून पक्कं करून घ्या आणि नोंदीत लिहा: "ओळख: अमुक यांच्याकडून, महिना, साल". मग तीच सुधारलेली नोंद परत त्याच धाग्यात टाका. माझ्या अनुभवात या शेवटच्या पायरीने जेवढी माणसं बांधली जातात तेवढी कोणत्याच जाहिरातीने बांधली जात नाहीत.

आता शोधणाऱ्यांकडे वळू. इथे मराठी संग्रहांची एक खास अडचण आहे, आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तिका वाचून ती सुटत नाही.

१९६२ मध्ये मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. तुमची मासिकं त्याआधीची आहेत. त्यांत 'कांहीं', 'नाहीं', 'केलें', 'मुलें', 'पुणें' असं छापलेलं आहे. आजचा वाचक 'काही' आणि 'पुणे' असं टंकून शोधतो. यंत्राच्या लेखी हे वेगळे शब्द आहेत, त्यामुळे मजकूर असूनही उत्तर शून्य येतं. वाचकाला वाटतं, इथे काहीच नाही. यावर उपाय अवघड नाही. मजकूर छापलेला आहे तसाच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. पण शोधासाठी मागे एक वेगळी प्रत ठेवायची, जिच्यात असे अनुस्वार काढून टाकलेले असतील, आणि वाचकाने टंकलेल्या शब्दावरही तोच संस्कार करायचा. तुमचं संकेतस्थळ ज्यांनी केलं त्यांना हे एवढं सांगितलं तरी ते समजतील. व्यक्तींच्या आणि गावांच्या नावांसाठी आणखी एक गोष्ट करा: प्रत्येक नोंदीत आजचं नाव, छापलेलं नाव आणि रोमन लिपीतली एक-दोन रूपं असे तिन्ही रकाने ठेवा. महाराष्ट्राबाहेर, भारताबाहेर वाढलेली मराठी मुलं आपल्या पणजोबांचं नाव रोमनमध्येच टंकतात.

तारखांचं तसंच. जुन्या अंकांवर आणि पोथ्यांवर शके असतं, मोडी कागदांवर बरेचदा सुहूर सन ही मराठेशाहीत वापरातली कालगणना असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षअखेरीचे महिने असतील तर ७९. सुहूरमध्ये ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. मूळ तारीख एका रकान्यात आणि इसवी सन दुसऱ्या रकान्यात लिहिल्याशिवाय कुणालाही वर्षानुसार काही सापडणार नाही. हे कष्टाचं काम आहे, आणि ते कुठल्याही सजावटीच्या आधी व्हायला हवं.

नोंदींकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, त्याचं मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात देशभरातली लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत दुर्मीळ मराठी पुस्तकंही पुष्कळ होती. पण शीर्षकं रोमन लिपीत, प्रत्येक केंद्राने आपापल्या पद्धतीने लिहिलेली. एकाच लेखकाची तीन-चार स्पेलिंगं. देवनागरीत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. पुढे मूळ संकेतस्थळ बंद पडलं. त्यातली बरीच पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह या विनामूल्य ऑनलाइन ग्रंथालयात आधीच उतरवली गेली होती म्हणून आज आपण ती वाचतो. पण नोंदी अजून बहुतांशी तशाच आहेत, आणि मराठी अभ्यासक आजही अंदाजाने वेगवेगळी स्पेलिंगं टाकत बसतात. एवढी मोठी संपत्ती दारात असून हाताला लागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लोकांकडून काम करून घेण्याचा विषय निघाला की संस्थाचालक दोन गोष्टींना घाबरतात: लोक चुका करतील आणि लोक खोडसाळपणा करतील. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ मध्ये या भीतीची परीक्षाच घेतली. त्यांनी जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून यंत्राकडून वाचून घेतली होती, आणि अस्पष्ट छपाईमुळे त्या मजकुरात चुकाच चुका होत्या. त्यांनी ठरवलं, वाचकालाच दुरुस्त करू द्यायचं. खातं उघडायचीही सक्ती नव्हती. एका बाजूला कात्रणाची प्रतिमा, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेली ओळ. चूक दिसली की सुधारा आणि जतन करा. सुधारणा लगेच दिसायची, लगेच शोधात यायची, आणि आधीचा मजकूरही खाली जपून ठेवलेला असायचा. पहिल्या सहा महिन्यांत लोकांनी सुमारे २० लाख ओळी सुधारल्या. खोडसाळपणाचं एकही प्रकरण सापडलं नाही. हीच सेवा पुढे ट्रोव्ह या नावाच्या मोठ्या व्यवस्थेचा भाग झाली आणि आता सुधारलेल्या ओळी कोट्यवधींच्या घरात आहेत.

या ओळी सुधारणारे लोक कोण होते? आपल्या घराण्याचा माग काढणारे, स्थानिक इतिहास लिहिणारे, निवृत्त झालेले. आजोबांच्या लग्नाची बातमी शोधताना शेजारची जहाज बुडाल्याची बातमी त्यांना दिसली, आणि तीही त्यांनी सुधारून ठेवली. आपल्याकडे ही माणसं नाहीत असं कुणी म्हटलं तर मी मुळीच मान्य करणार नाही. कुलवृत्तांत काढणारी मंडळं महाराष्ट्रभर आहेत. एकेका घराण्याची वंशावळ जुळवायला लोक पदरमोड करून गावोगाव हिंडतात. त्यांना तुमच्या मासिकांतल्या देणगीदारांच्या याद्या, निधनवार्ता, परीक्षांचे निकाल हे सगळं हवं आहे. तुमच्याकडे ते आहे हे त्यांना अजून कळलेलं नाही, एवढंच.

काम मागताना ते किती लहान करता येईल तेवढं करा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे जुन्या उपाहारगृहांच्या मेनूकार्डांचा मोठा संग्रह आहे. फ्रँक बटॉल्फ नावाच्या बाईंनी १९०० मध्ये ग्रंथालयासाठी तो जमवायला सुरुवात केली होती. एप्रिल २०११ मध्ये ग्रंथालयाने ती कार्डं ऑनलाइन मांडली आणि लोकांना एकच काम सांगितलं: एक पदार्थ बघा, त्याचं नाव आणि किंमत टंका. एवढंच. बस थांब्यावर उभं राहून होण्यासारखं काम. त्यातून १३ लाखांहून अधिक पदार्थांची यादी तयार झाली, आणि ग्रंथालयाने ती सगळी माहिती उतरवून घ्यायला मोकळी ठेवली. शतकभरापूर्वी कालवं किती सेंटला मिळत होती, कोणता पदार्थ कधी ताटातून गेला, याचा अभ्यास आज त्यावरून होतो. उलट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांची हस्तलिखितं लिप्यंतरासाठी खुली केली, तेव्हा काम अवघड होतं, अक्षर दुर्बोध होतं. तिथे नाव नोंदवणारे पुष्कळ आले, पण बहुतेक काम मोजक्या निष्ठावंत स्वयंसेवकांनी केलं. दोन्ही प्रयोग माझ्या मते यशस्वीच आहेत. फक्त सुरू करण्यापूर्वी आपलं काम यातलं कोणतं, हे ओळखावं लागतं.

तुमची छापील मासिकं पहिल्या प्रकारात बसतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर बनवून घेऊ नका. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्याच धर्तीवरच्या मुक्त ग्रंथालयात, ही व्यवस्था तयार आहे: एका बाजूला पानाची प्रतिमा, दुसऱ्या बाजूला मजकूर. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलेलं पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलेलं हिरवं. मुद्रितशोधनाची ही दोन हातांची पद्धत आपल्या जुन्या छापखान्यांना अगदी ओळखीची वाटली असती. यंत्रवाचन देवनागरीसाठी आता बरंच सुधारलं आहे. चांगल्या खिळ्यांनी छापलेली पानं ते ठीक वाचतं, पण शिळाप्रेसवर छापलेलं, म्हणजे हाताने दगडावर लिहून काढलेलं पान यंत्राला झेपत नाही. ते माणसांसाठीच राखून ठेवा. आणि तिथे टाकण्यापूर्वी हक्क तपासा. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरचं वर्ष धरून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजींचं निधन १९५० मधलं, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. मासिकात लेखक अनेक असतात, त्यामुळे अंक जुना असला तरी प्रत्येक लेखाचा विचार वेगळा करावा लागतो. शंका असेल तिथे फक्त अनुक्रमणिका द्या. अनुक्रमणिकासुद्धा शोधणाऱ्याला फार उपयोगी पडते, हे संस्था विसरतात.

मोडीचे दोन रुमाल मात्र बेंथमच्या वाटेचे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, शब्द सलग लिहिलेले असतात, एकच अक्षर दोन लेखणिकांच्या हातून दोन तऱ्हांनी येतं. हे काम सर्वांपुढे टाकून चालणार नाही. मोडी शिकलेली माणसं आपल्या जिल्ह्यात शोधा. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि इतर संस्थांचे मोडी वर्ग केलेले लोक बरेच असतात आणि शिकल्यानंतर वाचायला कागद मिळत नाहीत ही त्यांची खंत असते. प्रत्येक कागद दोघांनी वेगवेगळा वाचावा, मग दोन वाचनं समोरासमोर ठेवावीत. जुळत नाही तो शब्द कंसात ठेवून पुढे जावं. आधी पूर्ण लिप्यंतराच्या मागे लागू नका. कागद कुणी कुणाला लिहिला, कधीचा, कशाबद्दल, या चार ओळी प्रत्येक कागदाला मिळाल्या तरी रुमाल शोधण्याजोगा होतो. रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. आजही अभ्यासक त्या खंडांनी सुरुवात करतात, कारण प्रत्येक कागदाला तारीख आणि सारांश आहे. लिपी म्हणून मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी वाचकासाठी देवनागरी लिप्यंतरच द्या.

एक मार्ग आपल्याकडे फारसा वापरला जात नाही, तो मला सर्वांत आशादायक वाटतो. २००८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने पहिल्या महायुद्धाबद्दल लोकांच्या घरांत काय आहे ते विचारलं. पत्रं, बिल्ले, रोजनिशा, फोटो. लोकांनी वस्तू आणल्या, त्यांची प्रतिमा काढली, गोष्ट लिहून घेतली आणि वस्तू परत घरी दिली. काही महिन्यांत साडेसहा हजारांहून अधिक वस्तू आणि हकिकती जमल्या. पुढे युरोपियाना या संस्थेने २०११ पासून हीच पद्धत देशोदेशी नेली. मुंबईतून २०१० मध्ये सुरू झालेल्या इंडियन मेमरी प्रोजेक्टमध्ये अनुषा यादव यांनी घरगुती फोटो आणि त्यामागची हकिकत असा संग्रह उभा केला. आणि यात आपल्याला नवं असं काय आहे? इतिहासाचार्य राजवाडे हेच करत गावोगाव फिरले. वाड्यांच्या माळ्यांवरून, देव्हाऱ्यांमागून कागद मिळवून त्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड छापले. फरक इतकाच, की आता कागद घरातून हलवावा लागत नाही. ज्यांनी आयुष्यभर कागद दाखवायला नकार दिला ती घरं 'इथेच, तुमच्यासमोर प्रतिमा काढतो' म्हटल्यावर तयार होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. वाचनालयाच्या वर्धापनदिनी असा एक दिवस ठेवा. एक टेबल प्रतिमा काढायला, एक टेबल हकिकत लिहून घ्यायला, आणि परवानगीचा एक सोप्या मराठीतला कागद. हकिकत लिहून घेणारा माणूस मात्र ऐकणारा असावा, घाईचा नसावा.

समाजमाध्यमांबद्दल फार लिहीत नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रामीण जीवनाच्या एका छोट्या संग्रहालयाने १९६२ मधल्या एका धष्टपुष्ट मेंढ्याचा फोटो ट्विटरवर टाकला आणि तो जगभर गाजला. २०२० च्या टाळेबंदीत गेटी संग्रहालयाने लोकांना घरातल्या वस्तूंनी प्रसिद्ध चित्रं उभी करायला सांगितलं, तेव्हा घराघरांतून चादरी आणि उशा घेऊन लोक चित्रं सजवू लागले. दोन्ही आनंदाच्या गोष्टी आहेत. पण असं गाजणं मागून मिळत नाही, आणि ते मिळालं तरी मेंढा बघायला आलेल्या माणसाला पुढचं काही सापडेल अशी नोंद तयार नसेल तर तो तसाच परत जातो.

आता वॉटरमार्क. माझं उत्तर स्पष्ट 'नको' असं आहे, आणि कार्यकारिणीसमोर ठेवायला एक चांगलं उदाहरणही आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये डच चित्रकार फर्मेर याने काढलेलं दूध ओतणाऱ्या बाईचं प्रसिद्ध चित्र आहे. त्याच्या पिवळट, रंग बिघडलेल्या इतक्या प्रती इंटरनेटवर फिरत होत्या, की संग्रहालयाच्या दुकानातलं खऱ्या रंगांचं पोस्टकार्ड लोकांना खोटं वाटू लागलं. संग्रहालयाने ठरवलं, वाईट प्रतींना उत्तर म्हणजे आपणच चांगली प्रत देणं. २०१२ मध्ये त्यांनी सव्वा लाख कलाकृतींच्या उत्तम प्रतिमा विनामूल्य, वापराच्या मोकळीकीसह खुल्या केल्या आणि लोकांना त्यांतून आपापले संच करायला जागा दिली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख, तर स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालयसमूहाने २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा अशाच मोकळ्या केल्या. तुमच्या गावाच्या फोटोवर आडवी पट्टी असेल तर शाळेची स्मरणिका काढणारे, नाटकाचं नेपथ्य करणारे, पीएच.डी. करणारी मुलं तो वापरणार नाहीत. कुणीतरी पट्टी पुसून वापरेल आणि तुमचं नाव मात्र जाईल. त्याऐवजी प्रतिमेच्या खाली, पांढऱ्या पट्टीवर, संस्थेचं नाव आणि नोंद क्रमांक छापा आणि पानावर लिहा: "वापरा, आमचं नाव द्या, आणि कुठे वापरलं ते कळवा." लोक कळवतात. ती पत्रं वार्षिक अहवालात लावा. देणगीदारांना पटवायला त्यांच्याइतकं काही उपयोगी पडत नाही.

मोकळं ठेवण्याबद्दल मी इतका आग्रही असलो तरी काही गोष्टी विचारल्याशिवाय मुळीच टाकू नयेत. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजासोबत काम करताना मुकुर्तू नावाची संग्रहव्यवस्था तयार झाली. तिच्यात कोणती प्रतिमा कुणी पाहावी हे त्या समाजाच्या रीतीप्रमाणे ठरतं, कारण काही गोष्टी फक्त स्त्रियांनी किंवा काही घराण्यांनीच पाहायच्या असतात. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. वासाहतिक काळातल्या फोटोंखाली माणसाचं नाव नसतं, जातीचं असतं, आणि तेही हिणवणाऱ्या भाषेत. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांचे फोटो, तमाशातल्या कलावंतिणींचे फोटो, शाळेच्या जुन्या रजिस्टरांतल्या जातींच्या नोंदी: या प्रत्येकामागे आज हयात असलेली कुटुंबं आहेत. मूळ ओळ पुसू नये, ती इतिहासाचा पुरावा आहे. ती 'मूळ मजकूर' म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि शीर्षक आपण नव्याने, माणसाला माणूस म्हणून लिहावं. त्या समाजातल्या जाणत्यांना दाखवावं, त्यांना काय वाटतं ते ऐकावं. काढून टाका म्हणाले तर कारण विचारून काढावं. संकेतस्थळावर तक्रारीसाठी एक माणूस आणि एक फोन क्रमांक ठळक असावा.

टिकण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण लोक ज्यात मन गुंतवतात ते बंद पडलं तर त्यांचा विश्वास परत मिळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि तालिका शोधता येईल इतपत परत यायलाच जानेवारी उजाडला. त्याच वर्षी ट्रोव्हचा निधी जूनमध्ये संपणार होता. वाचक, इतिहासकार, शिक्षक असे हजारो लोक बोलू लागले आणि सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आणि त्यापुढेही दरवर्षी निधी मंजूर केला. ओळी सुधारणाऱ्या माणसांना ते आपलं वाटत होतं. तुमच्या बाबतीत निदान एवढं करा: मूळ मोठ्या फायली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर, हक्कमुक्त साहित्याची तिसरी प्रत इंटरनेट आर्काइव्ह किंवा विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर, आणि नोंदींची साधी तक्त्यातली फाइल दर महिन्याला जपून. संकेतस्थळ करणारी कंपनी बदलते, नोंदींचा तक्ता कुठेही नेता येतो. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'जतन' ही प्रणाली केली आहे, वस्तूंचा संग्रह मोठा असेल तर तिची माहिती जरूर घ्या. पण तुमच्या आकाराच्या वाचनालयाला नीट भरलेला तक्ता सध्या पुरेसा आहे.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न उरतो. ग्रंथपाल एकटे आणि त्यांच्यावर रोजची देवघेव, अनुदानाची कागदपत्रं, सगळंच. म्हणून सगळा संग्रह एकदम हाती घेऊ नका. गावाचे फोटो आधी, कारण ते ओळखू शकणारी पिढी आता थोडीच वर्षं आपल्यात आहे. मासिकं दहा वर्षांनीही तेच सांगतील. महिन्यातून दोन शनिवार संध्याकाळी वाचनालयातच मोठ्या पडद्यावर फोटो दाखवा, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही तेही येतील. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, जुने छायाचित्रकार यांना आवर्जून बोलवा. पोस्टमनला घरं माहीत असतात. कॉलेजचा एखादा विद्यार्थी तिथल्या तिथे तक्ता भरेल. वर्षअखेरीला पान किती जणांनी पाहिलं ते मोजू नका. किती चेहऱ्यांना नावं मिळाली, किती नोंदी सुधारल्या, किती जणांनी फोटो वापरायला मागितला, किती घरांनी कागद दाखवले, ते मोजा.

मोडी रुमालांचं काम सुरू कराल तेव्हा पहिल्या दहा कागदांच्या प्रतिमा आणि दाखलनोंद वहीतली त्यांची पानं पाठवा. सुहूर सन आणि तिथी कोणत्या रकान्यात कशा लिहायच्या, त्याचा भरलेला नमुना तक्ता मी करून देतो.